सुईतला दोरा संपेपर्यंत

ब्लॅकबर्ड ओहोळ, केंटकी
ता. १४ एप्रिल १९८६

चि. आर्झेला हिस थोरल्या बहिणीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? शेकतेस का, की नुसतीच कण्हतेस? व्हर्लनचा खोकला उतरला का? कारखान्यातून तो निवृत्त झाला, पण छातीतली घरघर काही निवृत्त होत नाही, असं तू मागे लिहिलं होतंस. टॅमीच्या दातांना तारा लावल्या ना, पोर नीट जेवते का? आणि तुमची ती म्हातारी कुत्री, जिला व्हर्लन मुद्दाम माझ्या नावानं हाक मारतो, ती अजून आहे का? असली तर तिची तब्येत माझ्यापेक्षा बरी असू दे. माझा उजवा गुडघा पायरी चढताना शिव्या देतो, बाकी ठीक.

इकडे टेकड्यांवर डॉगवुड फुललाय. परवा होबार्टच्या थडग्यावरचं गवत काढून आले. दगडावर त्याच्या नावाशेजारी माझं नाव आणि जन्मसाल कोरलेलं आहे, पुढची जागा कोरी. पूर्वी ती कोरी जागा बघून बरं वाटायचं, पलंगावर आपली बाजू कोणीतरी राखून ठेवल्यासारखं. यंदा मी तिच्याकडे पाठ करून गवत काढलं. का ते सांगायला हे पत्र लिहितेय. बसून वाच, आणि व्हर्लनला वाचून दाखवू नकोस.

दर गुरुवारी मी एमरीनकडे गोधडी शिवायला जाते, हे तुला ठाऊक आहे. छताला दोऱ्यांनी टांगलेली तिची चौकट खाली उतरवायची आणि भोवती बसायचं. एमरीनचा ड्वेन खाणीत छत कोसळून गेला, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आपले उपदेशक बंधू क्लेटस शवपेटीपाशी उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले की या मुलाविषयी मी आईला आशा देऊ शकत नाही, खोटं बोलणं माझ्या हातात नाही. त्यानंतर दोन हिवाळे एमरीन गप्प शिवत होती. मग एक दिवस टाका घालता घालता तिनं मान वर न करता विचारलं, की बायांनो, माझं पोर आत्ता या घटकेला जळतंय, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

तेवढ्यात एन्सिल करवत परत करायला आला होता, तो दारातच थांबला. एन्सिलला चर्चच्या मंडळीनं केव्हाच काढून टाकलंय, तुला आठवतच असेल, नरकात कोळसा कोण पुरवतो आणि त्याची युनियन आहे का, असं त्यानं सभेत विचारलं होतं. तो टोपी काढून आत आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की मला एक सुई द्या, मीही बोलणार आहे.

तिथून सुरुवात झाली, आर्झेला. आता आम्ही चौघं असतो: एमरीन, एन्सिल, शाळेतली निवृत्त पर्लबाई आणि मी. नियम एकच. सुईत दोरा ओवायचा आणि तो संपेपर्यंत एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकत शिवायचं. एन्सिल लबाड. तो हातभर लांब दोरा ओवतो, तोंडाचा पट्टा चालू ठेवतो आणि टाके असे घालतो की पर्लबाई नंतर उसवत बसते. लहानपणापासून ऐकलेली एकेक गोष्ट आम्ही हातात घेऊन बघतो, खरी वाटते का, आणि खरी वाटत नसली तरी कामाची आहे का. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणं ठेवलं. एक ओळ म्हणायची नि सगळ्यांनी ती उचलून गायची, ते वाद्याविनाचं गाणं ठेवलं. एन्सिल म्हणाला की गाणं सोडायचं असेल तर मी पुन्हा बाप्तिस्मा घेतो. डोंगरावरचं प्रवचन आम्ही दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा ठेवलं. ज्या शिकवणीनं ड्वेनला आगीत ढकललं, ती मात्र आम्ही सोडली.

म्हणजे मी आता विश्वास ठेवत नाही. लिहून झालं. माझ्या डोक्यातून ते गेलं, पण पोटातून गेलेलं नाही. आभाळ गडगडलं की अजून वाटतं, माझंच नाव घेतंय.

आणि जून जवळ येतोय. प्रभुभोजनाचा रविवार, वर्षातून एकदाच येणारा. बावीस सालच्या पुरापासून आपल्या घराशेजारी वाढलेली ल्यूडी आणि मी, लग्न झाल्यापासून दर जूनला, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, एकमेकींचे पाय धूत आलोय. त्या दिवशी प्रभूची भाकर न घेता बसून राहिलं, की त्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो हे तू तिकडे जाऊन विसरली नसशील: हिच्या मनात मंडळीतल्या कोणाविषयी तरी अढी आहे. आता मनात विश्वास नसताना ती भाकर तोंडात घालायची की नाही? खोटेपणाची भीती एका बाजूला, खरेपणाची दुसऱ्या. मधे मी.

तुला काय वाटतं ते लिही. रागावलीस तरी लिही. आपल्यातली माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
डेल्फिया


हॅमिल्टन, ओहायो
ता. २७ एप्रिल १९८६

ती. डेल्फिया ताईस धाकट्या आर्झेलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि डोळे पुसत बसले. व्हर्लननं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, कांदा कापत होते. कांदा टोपलीत होता, ताई. त्यानं टोपलीकडे बघितलं आणि माझ्यापुढे रुमाल ठेवला.

आधी तब्येती. माझी कंबर आहे तशीच. व्हर्लनचा खोकला सकाळी जास्त. टॅमी मऊ बीन्स आणि ताकात कुस्करलेला मक्याचा पाव खाते. कुत्री ठणठणीत आहे, तुझ्यासारखीच हट्टी, बाहेर नेली की परत यायला मागत नाही.

आता ऐक. तू माझ्यापेक्षा मोठी, मी तुला शिकवणारी कोण? पण मला भीती वाटते, आणि ती मी कोणापाशी बोलू? आई जाताना आपल्या दोघींचे हात धरून म्हणाली होती की वर स्वर्गाच्या फाटकापाशी उभी राहीन, दोघी एकदम या. मी तिथे एकटी पोचले आणि तिनं विचारलं डेल्फिया कुठाय, तर मी काय सांगू? गोधडी शिवतेय म्हणून सांगू?

बरं, वरचं राहू दे. खालचं बघ. तुझ्या दगडावरची ती कोरी जागा भरेल तेव्हा खड्डा कोण खणेल? आपल्याकडे खड्डा मंडळीची माणसं खणतात, फावडी घेऊन, पैसे न घेता. गाण्याच्या ओळी कोण म्हणेल? एन्सिल एकटा? त्याचा आवाज मी ऐकलाय, ताई. मेलेली उठून बसशील.

माझं ऐक. जूनमध्ये भाकर घे, घमेल्यात पाणी घे, ल्यूडीचे पाय धू आणि तोंड बंद ठेव. मनात काय आहे ते मनात असू दे. किती जणींच्या मनात काय असतं ते कोणी उघडून बघतं का? आणि गुरुवारी शिवायला जा, पण नुसती शिव.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. घाबरलेली आहे. दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून सांगितलं. मायेत काही कमी नाही, तुझ्याकडूनही होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
आर्झेला


ब्लॅकबर्ड ओहोळ
ता. १२ जून १९८६

चि. आर्झेला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकायचं मी ठरवलं होतं, हे आधी सांगते. रविवारी सकाळी पाय स्वच्छ धुतले, मोजे नवे घातले. वेडेपणा बघ, धुवायला न्यायचे पाय आपण घरूनच धुऊन नेतो. टॉवेलला इस्त्री केली. मंडळीघराच्या पायऱ्या चढेपर्यंत मी सगळं करणार होते.

मेजावर पांढरं कापड. बंधू क्लेटस यांनी भाकर मोडली. थाळी बायकांच्या बाजूला आली आणि हातोहात माझ्यापर्यंत पोचली. मी हात पुढे केला, आणि तो तुकड्यापाशी जाईना. मला एमरीन दिसली, दोन हिवाळे मान खाली घालून शिवणारी. मी तुकडा न घेता थाळी पुढे दिली.

पुढे ल्यूडी बसली होती.

तिनं थाळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मला वाटलं ती पडतेय. आणि तिनंही तुकडा घेतला नाही. थाळी तशीच पुढे दिली.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले. मी फक्त माझा विचार केला होता. बहिणीच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर आधी जाऊन समेट कर, मग वेदीपाशी ये. डोंगरावरच्या प्रवचनातलं हे वचन ल्यूडीला पाठ आहे, आणि ती पाठ केलेलं करते. इतक्या वर्षांत माझ्या शेजारी एकच बाई बसत आली आहे, तेव्हा मी भाकर नाकारली ती तिच्यामुळेच, असं तिला वाटलं. सगळ्या मंडळीलाही तेच वाटलं. पाय धुवायची वेळ आली, बाया कमरेला टॉवेल बांधून, एनॅमलची घमेली घेऊन, रडत, गात एकमेकींपुढे वाकल्या. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. ल्यूडीच्या मांडीवर तिचा टॉवेल घडी न मोडता पडून होता आणि ती त्याची कड बोटानं पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

मंगळवारी ती माझ्या दारात आली. टेकडी चढून, चपला फटफटवत. बूट घालता येत नाहीत गं तिला आता, पायांना सूज आहे. डॉक्टरनं सांगितलंय की हृदय थकलंय आणि पाणी खाली उतरतंय. हातात वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक. दारातच म्हणाली, की डेल्फी, काय ते सांग, मी माफी मागते, पण काय ते सांग.

मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत तिनंच सुरू केलं. तुझ्या पेओनीच्या फुलझाडांचे कंद मी न विचारता खणून नेले होते, ते का? होबार्टच्या अंत्यविधीला उपदेशकाची कवळी सटकली तेव्हा मी हसले होते, ते का? तुझ्या दोऱ्यात ओवलेल्या वाळल्या शेंगांना कुबट वास येतो, असं मी मंडळीतल्या लॉराला सांगितलं, ते का? एकामागून एक. आर्झेला, त्यातलं मला एकही माहीत नव्हतं. शेंगांचं माहीत असतं तर मात्र खरंच अढी धरली असती.

मी हसले असते. पण ती केक तसाच हातात धरून उभी होती. म्हणाली, की पुढच्या जूनपर्यंत हे हृदय टिकेल असं डॉक्टरच्या तोंडावरून वाटत नाही. मंडळीतल्या बहिणीशी समेट न करता मी वर कशी जाऊ? ती मनापासून घाबरली आहे. ज्या आगीतून आम्ही ड्वेनला बाहेर काढलं, त्याच आगीच्या तोंडाशी मी ल्यूडीला नेऊन उभं केलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आणि पोटातलं सगळं वर आलं: क्लेटस, मंडळी, दगडावरची कोरी जागा, आईचं फाटक. एवढंच म्हणाले, की ल्यूडी, तुझं काही चुकलेलं नाही. तिला ते पटेना. कसं पटावं? काही नसताना कोणी भाकर नाकारतं का? मी क्षमा करायला तयार नाही, असं समजून ती टेकडी उतरून गेली. वाकून, कठडा धरून. केक मी न कापता फ्रीजरमध्ये ठेवून दिलाय.

जुलैच्या सभेआधी मंडळी दोन बंधूंना माझ्याकडे पाठवणार आहे, समेट घडवायला. मी काय करू?

ताई


हॅमिल्टन
ता. २० जून १९८६

ती. ताईस शि. सा. न.

तब्येतींचं सगळं ठीक, पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता घाईत आहे, पोस्टाची गाडी जाईल.

बंधू येतील तेव्हा त्यांना एखादी अढी दे. खरी नसली तरी चालेल. पेओनीचे कंद तिनंच कबूल केलेत, तेच धर. सांग की हो, कंदांवरूनच राग होता, आता गेला. ल्यूडी माफी मागेल, तू माफ करशील, दोघी सगळ्यांसमोर हात मिळवाल, तिचा जीव निवांत होईल आणि तुझी जागा शाबूत राहील. त्यात वाईट काय आहे? कोणाचं नुकसान? मी रात्रभर विचार करून हे काढलंय, ताई, ऐक. मला तुझ्या खड्ड्यापाशी अनोळखी, मजुरीची माणसं उभी बघायची नाहीत.

ल्यूडीला माझा नमस्कार सांग. तिचे पाय उशीवर उंच ठेवायला सांग.

मायेत अंतर नको.

आर्झेला

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. एक विचारू? व्हर्लनचा बाप्तिस्मा झालेला नाही. तुला माहीतच आहे, तो रविवारी बाहेर गाडीत बसून माझी वाट बघतो. त्याच्यासारखा माणूस मी दुसरा बघितला नाही. हल्ली तो खोकला की मी श्वास धरून ऐकते, आणि खोकल्याचीच भीती असते असं नाही. तू लिहिलं होतंस, की डोक्यातून जातं पण पोटातून जात नाही. गुरुवारी त्यावर काय बोलता तुम्ही? पोटातून कसं काढतात?


ब्लॅकबर्ड ओहोळ
ता. १४ जुलै १९८६

चि. आर्झेला हिस ताईचे अनेक आशीर्वाद. व्हर्लनलाही, आणि त्याला यावेळी वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझी युक्ती मी गुरुवारी चौकटीवर मांडली. एन्सिल म्हणाला की अढीच हवी असेल तर माझ्यावर धर, सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतील, अडचण एवढीच की मी बायकांचे पाय धूत नाही. पर्लबाई हसली नाही. ती अजून मंडळीत आहे, तिचं पेन्शन खाणारं पोरगं आणि शेजारपाजार सगळं मंडळीतलंच. तिचा दोरा सारखा गुंतत होता. म्हणाली, की डेल्फिया, तू सांगितलंस तर पुढचा प्रश्न येईल, अजून कोण आहे. माझं नाव घेणार नाहीस ना? मी म्हटलं, मेले तरी नाही. ती म्हणाली, की कंदांचं सांग ना गं, कंदांनी कोणाचं काय बिघडतं?

मग एमरीननं दोरा ओवला. एन्सिलपेक्षा लांब. आणि बोलली थोडंच, बाकीचा दोरा संपेपर्यंत नुसती शिवत राहिली. ती म्हणाली, की ड्वेनच्या माथी जे नव्हतं ते त्याच्या माथी मारलं गेलं, आणि मी गप्प बसले. ल्यूडीनं जे केलं नाही त्याची माफी तिच्याकडून मागवणार असाल, तर आपण इथे बसून सोडलं काय आणि ठेवलं काय?

त्यावर पर्लबाईनं आपला गुंतलेला दोरा तोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी ल्यूडीकडे गेले. पाय उशीवर घेऊन ती पडवीत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर धीर सुटला असता. म्हटलं, ल्यूडी, तुझ्यावर राग नाही, कधीच नव्हता. मी भाकर घेतली नाही कारण मला ते खरं वाटत नाही. आग खरी वाटत नाही, फाटक खरं वाटत नाही. आधी ती हसलीच गं. म्हणाली, की म्हणजे कंद नाहीत? म्हटलं, कंद नाहीत. ती म्हणाली, देवा, तुझे उपकार. आणि मग ते हळूहळू तिच्या आत पोचलं. तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, की डेल्फी, असं बोलू नकोस, असं मोठ्यानं बोलू नकोस. आभाळाकडे बघितलं तिनं, खरंच. स्वच्छ होतं. मग मला म्हणाली की आता तू जा, मला एकटीला बसू दे.

घरी येताना तीन वेळा मागे वळून तिच्या पडवीकडे बघितलं. तिला एका भीतीतून काढून दुसरीत तर ढकललं नाही ना, हेच मनात.

दोन बंधू आले, त्यांनाही तेच सांगितलं. अजून कोण, हे त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, माझ्या मनाचं मी सांगितलं, दुसऱ्याचं मन माझ्याकडे नाही. त्यातला धाकटा रडला. त्याच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात मी पंधरवडाभर उशाशी होते.

शनिवारी सभा झाली. मी गेले. एन्सिलनं जाऊ नको म्हणून सांगितलं, तो स्वतःच्या सभेला गेला नव्हता. पण मला लपायचं नव्हतं. बंधू क्लेटस यांचा आवाज कठोर नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांनी विचारलं, की भगिनी डेल्फियावरून सहभागितेचा उजवा हात काढून घ्यावा, म्हणजे तिला मंडळीतून काढावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं. बाकं करकरली. पर्लबाई उभी राहिली, नजर जमिनीला. मीच तिला बजावलं होतं, उभी राहा म्हणून. तो धाकटा बंधू उभा राहिला. ल्यूडी सगळ्यांच्या शेवटी उठली, पुढच्या बाकाला धरून, सुजल्या पायांवर. तिनं मात्र माझ्याकडे बघितलं. पूर्ण वेळ बघत होती.

मग निरोपाचं गाणं सुरू झालं आणि हात फिरू लागले, प्रत्येकानं प्रत्येकाला, नेहमीसारखे. बाहेरच्या पाहुण्यालाही आपण हात देतो. पण नुकत्याच काढलेल्या बाईला द्यायचा की नाही, ते कोणाला कळेना. माझ्यापर्यंत आलेले हात अडखळायचे आणि बाजूनं पुढे जायचे. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. गाणं पाठ आहे, ओठ आपोआप हलत होते. आयुष्यात एवढी भीती मला वाटली नव्हती, होबार्ट गेला तेव्हाही नाही. आगीची नव्हती ती. या हातांशिवाय जगायचं कसं, त्याची होती.

तर हे झालं शनिवारचं. आता कालचं ऐक.

काल जेवणानंतर पडवीत चपलांचा आवाज आला. ल्यूडी. तिच्या नातवानं गाडीनं खाली सोडलं होतं, वर चढून आली ती एकटीच. काखेत एनॅमलचं घमेलं, खांद्यावर इस्त्रीचा टॉवेल. धाप लागलेली. म्हणाली, की खुर्ची दे, पाणी तापव. मी म्हटलं, ल्यूडी, तू काल उभी राहिलीस. ती म्हणाली, हो, राहिले, आणि पुन्हा राहीन, तू चुकते आहेस असंच मला वाटतं. मग घमेलं खाली ठेवत म्हणाली, की मंडळीनं हात काढून घेतला. ठराव मी नीट ऐकला. पायांचं त्यात काही नव्हतं.

मी हसले आणि हसता हसता रडले. ती मात्र टॉवेल खांद्यावरून काढेना. तिला हे पाप वाटतंय का, ते मी विचारलं. म्हणाली, की माहीत नाही, फार भीती वाटतेय, असेल तर माझ्या खात्यावर लिहू देत, पण तुझे पाय या जूनला राहून गेले ते मला सहन होत नाही.

तिनं टॉवेल कमरेला बांधला. गुडघ्यावर बसता येईना, म्हणून मी पाय स्टुलावर ठेवले आणि तिनं बसल्या बसल्या धुतले. मग मी तिचे. आर्झेला, मी ते पाय मुलगी असल्यापासून ओळखते, आणि काल ओळखता आले नाहीत. घोटा कुठे सुरू होतो ते कळत नाही. पुसताना माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्या पायावर खळगीसारखा उमटला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. आम्ही दोघी त्या खळगीकडे बघत होतो. ती म्हणाली, की डेल्फी, मी फाटकापाशी थांबले तर येशील ना? खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही गं, पण आज इथे थांब, अंधार पडेपर्यंत तरी. ती थांबली. तो केक मी शेवटी काल बाहेर काढून कापला, तिच्याबरोबर बसून. थर कडक झाले होते, ताकात बुडवून खाल्ला.

तू विचारलंस, पोटातून कसं काढतात. मला माहीत नाही, बाळा. माझ्या पोटातून गेलेलं नाही. पण ते एकटीनं धरून बसलं की वाढतं, आणि चौकटीभोवती चौघांत काढून ठेवलं की तेवढ्यापुरतं हातात मावतं, एवढं मी बघितलंय. व्हर्लनला घेऊन ये. गाडीत बसवू नकोस, आत आण. एन्सिलशेजारची खुर्ची रिकामी आहे. त्याला टाके येत नसले तर पर्लबाई उसवेल. ती या गुरुवारीही आली होती, मागच्या दारानं.

खड्डा कोण खणेल, ते अजून ठाऊक नाही. त्या विचारानं झोप उडते, तुझ्यापासून काय लपवू. ओळी म्हणायला ल्यूडीनं होकार दिलाय, ती मागे राहिली तर. आणि मी मागे राहिले, तर तिच्यासाठी मी म्हणायच्या, मंडळीघराच्या आत न घेतलं तर कुंपणाबाहेर उभं राहून, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, असं तिनं वदवून घेतलंय.

जाताना ती घमेलं घेऊन गेली आणि टॉवेल इथेच ठेवला. म्हणाली, की धुऊन, इस्त्री करून ठेव, पुढच्या जूनला लागेल. तो आत्ता समोर दोरीवर वाळतोय आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. इस्त्री उद्या करीन.

तुम्हा सगळ्यांवरची माझी माया आहे तिथेच आहे, तुमचीही असू द्या. तुझी कंबर, व्हर्लनचा खोकला, टॅमीचे दात, सगळं कळव. लवकर लिही, आर्झेला. या दिवसांत पोस्टाच्या पेटीचं झाकण वाजलं की जीव थाऱ्यावर येतो.

तुझी ताई,
डेल्फिया